मासिक दूधनोंद सेवा : निपाणी भागातील एका गोठ्याचा अनुभव

निपाणी-चिकोडी भागात एका खासगी पशुसेवा केंद्राची मासिक दूधनोंद सेवा आम्ही आमच्या संकरित होल्स्टिन गाईंसाठी घेतली असून, एक पूर्ण वेत (व्यायल्यापासून दूध आटेपर्यंतचा काळ) संपल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे. केंद्राचा कर्मचारी महिन्यातून एकदा येऊन संध्याकाळची आणि दुसऱ्या दिवशी सकाळची धार प्रत्येक गाईची स्वतंत्र मोजतो, आणि व्यायल्यापासूनचे दिवस व दूध यांचा आलेख तयार करून देतो.

सेवेचे खरे मोल या आलेखात आहे. डेअरीच्या पुस्तकात साऱ्या गोठ्याचे दूध एकत्र लिहिले जाते. त्यात कोणती गाय चढतीला आहे आणि कोणती उतरतीला, हे कधीच दिसत नाही. चीक संपल्यावर दूध वाढत जाते, साधारण ६ ते ८ आठवड्यांत सर्वाधिक होते आणि पुढे दरमहा सुमारे ८ ते १० टक्क्यांनी घटते; पहिलारू (पहिल्यांदाच व्यायलेल्या) गाईचे दूध तेवढे चढत नाही, पण तिची घटही सावकाश असते. त्यामुळे चांगल्या गाईने दुसऱ्या महिन्यात १० लिटर देणे काळजीचे, तर आठव्या महिन्यात तेवढेच देणे समाधानाचे ठरते.

खुराकाचा सल्ला मला सर्वांत मोलाचा वाटला. आमच्याकडे कालचे दूध पाहून आज पेंड घालण्याची रीत आहे. पण व्यायल्यानंतर दूध आधी वाढते आणि गाईची भूक पूर्ण खुलायला १० ते १२ आठवडे लागतात. मधल्या काळात ती अंगावरची चरबी वापरून दूध देते व खंगते. म्हणून उत्तम वैरण आणि हळूहळू वाढवलेला खुराक याच काळात मिळायला हवा, कारण या वेळी गाठलेल्या प्रत्येक जादा लिटरमागे पूर्ण वेतात सुमारे २०० लिटरांचा फरक पडतो, आणि हुकलेली ही चढती त्या वेतात सहसा भरून निघत नाही. रेतनाची वेळ आणि विण्यापूर्वी ६० दिवस गाय आटवण्याची, म्हणजे धार काढणे थांबवण्याची, तारीखही केंद्राकडून मिळणाऱ्या गाईच्या कार्डावर लिहून मिळते.

दोन त्रुटी मात्र सुधारायलाच हव्यात. फॅटचा नमुना फक्त सकाळच्या दुधाचा घेतात. रात्रीचे अंतर मोठे असल्याने सकाळी दूध जास्त पण फॅट कमी निघते, म्हणून दोन्ही वेळचे दूध प्रमाणात मिसळून नमुना घेणेच योग्य. शिवाय कार्ड केवळ कन्नड आणि इंग्रजीत आहे. सीमाभागातील ज्या घरांत गोठा सांभाळणाऱ्या बायका मराठीच वाचतात, तिथे ते मराठीतही असणे अत्यावश्यक आहे.

पाच-सहा गाईंच्या गोठ्याला ही सेवा मी निःसंकोच सुचवीन. एक-दोन गाई असणाऱ्यांना शुल्क जड जाईल. त्यांनी काटा आणि वही घेऊन महिन्याच्या ठरलेल्या दिवशी दोन्ही वेळचे दूध स्वतः मोजून व्यायल्याच्या तारखेसमोर लिहावे.