शंभरपट एल्युअंटची तयार बाटली: मकरपुऱ्यातील एका प्रयोगशाळेचा अनुभव

वडोदऱ्यातील मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतील आमच्या छोट्या पाणी-तपासणी प्रयोगशाळेत आयन क्रोमॅटोग्राफवर (पाण्यातील आयन वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) फ्लोराइड, क्लोराइड, नायट्रेट, फॉस्फेट आणि सल्फेट ही ऋणायने (ऋण भाराचे आयन) रोज मोजली जातात. त्यासाठी 3.2 मिलिमोलर सोडियम कार्बोनेट आणि 1.0 मिलिमोलर सोडियम बायकार्बोनेटचे एल्युअंट, म्हणजे नमुना यंत्राच्या कॉलममधून (आयन वेगळे करणाऱ्या नळीतून) वाहून नेणारे द्रावण, लागते, आणि गेल्या दिवाळीपर्यंत ते आम्ही स्वतःच वजन करून बनवत होतो. दिवाळीनंतर प्रथमच तयार, शंभरपट तीव्र द्रावणाची 500 मिलिलिटरची बाटली मागवली. ती नुकतीच संपली. पुन्हा मागवली आहे, पण या वेळी लहान.

स्वतः बनवण्यात अवघड असे काही नाही, असे कागदावर वाटते. एका लिटरला 339 मिलिग्रॅम निर्जल कार्बोनेट आणि 84 मिलिग्रॅम बायकार्बोनेट, बाकी शुद्ध पाणी. मात्र या दोन पांढऱ्या भुकट्यांचे स्वभाव अगदी वेगळे आहेत. निर्जल कार्बोनेट हवेतील ओल शोषते, म्हणून ते वजनाआधी भट्टीत चांगले तापवून कोरडे करावे लागते. बायकार्बोनेटला मात्र उष्णता दाखवायचीच नसते, कारण पन्नास-साठ अंशांच्या पुढे ते पाणी आणि कार्बन डायऑक्साइड सोडून स्वतःच कार्बोनेट होऊ लागते. ते फक्त डिसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवायचे. आमच्याकडे नव्याने आलेल्या एका मुलाने दोन्ही बशा शेजारीशेजारी 105 अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवल्या आणि दोन तासांनी निष्ठेने वजन केले. परिणामी एल्युअंटमध्ये बायकार्बोनेट जवळजवळ उरले नाही, कार्बोनेट चार मिलिमोलरच्या आसपास गेले आणि एरवी साडेपंधरा मिनिटांना कॉलममधून बाहेर येणारे सल्फेट बरेच आधी येऊन सॉफ्टवेअरच्या वेळेच्या खिडकीबाहेर पडले. सॉफ्टवेअरने ठरलेल्या वेळेत आलेखावर सल्फेटचे शिखर दिसले नाही म्हणून सल्फेटच्या रकान्यात शून्य छापले. तो नमुना एका सोसायटीच्या बोअरचा होता आणि त्यातील सल्फेट पिण्याच्या पाण्याच्या आयएस 10500:2012 या भारतीय मानकातील 200 मिलिग्रॅम प्रति लिटर या स्वीकारार्ह मर्यादेच्या अगदी जवळ होते. अहवाल बाहेर जाण्यापूर्वी चार्ट पाहण्याची जुनी सवय कामी आली, एवढेच.

वजनातील चूक मात्र या बाटलीने खरोखर घालवली. दहा मिलिलिटर पिपेटने घेऊन एक लिटरच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये भरायचे, काम संपले. पहिल्याच दिवशी आम्ही एकाच पाण्यात हाताने बनवलेले आणि बाटलीतले अशी दोन एल्युअंटे तयार करून तेच सात ऋणायनांचे मानक द्रावण (माहीत तीव्रतेचे द्रावण) दोन्हींवर चालवले, आणि सातही शिखरांच्या वेळांत लक्षात घेण्याजोगा फरक निघाला नाही. खरा फायदा पुढच्या आठवड्यांत दिसला. पूर्वी तीन जणांनी बनवलेल्या तीन एल्युअंटांत सल्फेट कधी अर्धा मिनिट इकडे, कधी अर्धा मिनिट तिकडे असे. बाटलीतून कोणीही बनवले तरी ते जवळपास त्याच जागी येऊ लागले.

पाण्याबाबत मात्र ही बाटली काहीही करत नाही, आणि तशी अपेक्षाही ठेवू नये. शंभर भागांतले नव्व्याण्णव भाग शेवटी तुमचेच पाणी असते. ते 18.2 मेगोह्म-सेंटिमीटरचे (म्हणजे अतिशुद्ध) नसेल, किंवा त्यात क्लोराइडचा अंश असेल, तर बेसलाइन (आलेखाची मूळ रेषा) वर चढते आणि स्वच्छ नमुन्यात क्लोराइडच्या जागी शिखराऐवजी खड्डा दिसतो. पाण्यात विरघळलेली हवा काढणेही आपल्याच हाती आहे, नाहीतर पंपात बुडबुडे अडकून दाब नाचत राहतो. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात ‘फक्त पाणी घाला’ असे ठळक छापले आहे; त्यातील ‘फक्त’ हा शब्द मला खटकला.

दुसरी गोष्ट कार्बन डायऑक्साइडची. हवेतील हा वायू एल्युअंटमध्ये विरघळला की एका कार्बोनेटची दोन बायकार्बोनेटे होतात. बायकार्बोनेट कॉलमवरून ऋणायने ढकलण्यात दुबळे, त्यामुळे सगळी शिखरे लांबतात, आणि दुहेरी भाराचे सल्फेट सर्वांत जास्त. उत्तरायण आणि वासी उत्तरायण अशा दोन दिवसांच्या सुट्टीत आमची दोन लिटरची एल्युअंट बाटली सैल झाकणाने यंत्रावर तशीच राहिली. 16 जानेवारीला सगळे गच्चीवरून उतरून कामावर आले, तेव्हा सल्फेट जवळजवळ मिनिटभर उशिरा येत होते. दोष तयार द्रावणाचा नव्हता. त्याच बाटलीतून नवे एल्युअंट करताच वेळ पूर्ववत झाली. तेव्हापासून यंत्रावरील बाटलीच्या तोंडाशी सोडा लाइमची (कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या पदार्थाची) नळी बसवली आहे.

तीव्र द्रावण तुलनेने टिकाऊ असते, कारण तेवढाच वायू शोषला गेला तरी शंभरपट कार्बोनेटपुढे त्याचा वाटा नगण्य ठरतो. पण ‘तुलनेने’ म्हणजे कायमचे नव्हे. आमचा प्रवाह मिनिटाला 0.7 मिलिलिटर, म्हणजे आठ तासांच्या दिवसाला सुमारे 340 मिलिलिटर एल्युअंट जाते. 500 मिलिलिटर तीव्र द्रावणाचे पन्नास लिटर होतात, म्हणजे जवळपास दीडशे कामाचे दिवस. या काळात झाकण पंचवीसेक वेळा उघडले गेले, प्रत्येक वेळी बाटलीत हवा वाढली आणि तोंडाच्या आट्यांवर पांढरी खरपुडी जमली. शेवटच्या पाऊणशे मिलिलिटरमध्ये वेळा किंचित सरकू लागल्या, शिवाय खरपुडीचा तुकडा आत पडण्याची धास्ती होती. मोठी बाटली लिटरमागे स्वस्त पडते हे खरे. आठवड्याला दोन लिटर लागणाऱ्या आमच्यासारख्यांना ती महागात पडते.

पॅकिंगबद्दल एक तक्रार आहे. झाकणाखालील पातळ सील एका कडेला उचललेले होते आणि लॉटचे प्रमाणपत्र खोक्यात नव्हते. मागितल्यावर चार दिवसांनी मेलवर आले. त्यात दोन्ही क्षारांची तीव्रता व्यवस्थित दिली आहे, पण क्लोराइड आणि सल्फेटचा अशुद्ध अंश दिलेला नाही, आणि ऋणायने मोजणाऱ्याला नेमका तोच आकडा हवा असतो. म्हणून नव्या लॉटचे पहिले एल्युअंट आम्ही यंत्रावर अर्धा तास नुसते चालवतो. सप्रेसरनंतरची (एल्युअंटची स्वतःची वाहकता कमी करणाऱ्या भागानंतरची) वाहकता नेहमीच्या सोळा-सतरा मायक्रोसीमेन्सवर स्थिरावली की मगच मानक द्रावणे लावतो.

ज्यांच्याकडे एकच अनुभवी माणूस वजन करतो आणि काम आठवड्यातून दोनदाच चालते, त्यांनी हा खर्च करण्याचे कारण मला दिसत नाही. आमच्याकडे हात बदलतात, म्हणून आम्हाला बाटली हवी. तरीही निर्जल कार्बोनेट आणि बायकार्बोनेटच्या दोन लहान बरण्या डिसिकेटरमध्ये ठेवलेल्या आहेत, कारण मागची ऑर्डर वडोदऱ्यात पोहोचायला अकरा दिवस लागले. बायकार्बोनेटच्या बरणीवर लाल शाईने ‘ओव्हन नाही’ असे मराठीत आणि गुजरातीत लिहून ठेवले आहे.