डिस्क घरी आली, गेम दारव्ह्यात भरला: अपडेट भरून देणाऱ्या दुकानाचा रिव्ह्यू

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्यात बसस्टँडपासून थोडं पुढं एक मोबाइल-झेरॉक्सचं दुकान आहे. पीक विम्याचे फॉर्म भरून देते, सातबारा काढून देते, रिचार्ज करते, अन् रात्री तिथं गेमचे अपडेट, म्हणजे गेमसाठी नेटवरून डाउनलोड कराव्या लागणाऱ्या फाइली, भरून भेटतात. एका रात्रीचे १०० रुपये, मग १० जीबी असो का ९० जीबी. मी या दुकानाला पाचपैकी साडेचार देऊन राहिलो, अर्धा काऊन कापला ते पुढं सांगतो. पण असं दुकान लागावंच कशाला हे समजायचं असेल तर आधी डिस्कची गोष्ट सांगावी लागते.

दिवाळीनंतर कापूस विकला तेव्हा पुतण्याला दिलेला शब्द होता म्हणून नागपूरहून एक नवा मोठा गेम आणला, डिस्कवाला, ४,९९९ रुपयांचा. गेमचं अन् कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण नाव बदललं तरी आजकाल हेच होऊन राहिलं. आता ५ हजार म्हणजे शहरातल्या माणसाला किती वाटत असतील माहीत नाही, पण २०२५-२६ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल होता, त्या भावानं सुद्धा हा गेम ६० किलोच्या वर कापसाचा झाला, म्हणजे एका बाईची दीड-दोन दिवसांची वेचणी, कंबर वाकवून. अन् हमीभाव सगळ्यांना भेटतो असंही नाही. डिस्कच घ्यायची होती कारण आमच्या गावात फायबरचं नेट नाही, मोबाइलच्या रेंजवर सगळा कारभार, म्हणून वाटलं की डिस्क आहे म्हणजे गेम आपल्या हातात आहे.

पोट्ट्यानं डब्बा उघडला, डिस्क घातली, पाऊण तास ती कॉपी होत राहिली अन् मग पडद्यावर आलं की गेम सुरू करायला ८४ जीबी डाउनलोड करा. नंतर करा, असं बटणच नव्हतं. पुतण्या म्हणे, "काका, डिस्क तर आत गेली, मंग हे आता काय मांगून राहिलं?" आई तिथंच वाती वळत बसली होती, तिनं सगळं ऐकून घेतलं अन् विचारलं, "पैसे पुरे देल्ले ना तुनं? मंग उरलेलं सामान काऊन नाही देत थे लोकं?" मी लई वर्षांपासून गेम खेळतो, त्यावर वाचतो, व्हिडिओ पाहतो, पण याच्यापेक्षा सरळ प्रश्न मी कुठं ऐकला नाही आणि माझ्याजवळ त्याचं उत्तरही नव्हतं.

हिशोब करून पाहा. मोबाइलवर दिवसाला २ जीबी भेटतात. ८४ जीबी म्हणजे ४२ दिवस, ते पण घरात कोणी दुसरं काहीच पाहिलं नाही तर. आम्ही भावाचा, वहिनीचा, माझा, तिघांचे हॉटस्पॉट लावले, रात्री खिडकीच्या ग्रिलला मोबाइल बांधून ठेवला कारण रेंज तिथंच बरी भेटते, सहा दिवसांत ११ जीबी झाले अन् सातव्या दिवशी मधातच लाइन गेली. परत सुरू केलं तर फाइल खराब आहे म्हणून पुन्हा पहिल्यापासून. पोट्टा काही बोलला नाही, नुसतं रिमोट ठेवून बाहेर गेला. त्या दिवशी मला खरंच वाईट वाटलं.

मग दिग्रसच्या एका दोस्तानं या दुकानाचं सांगितलं. कन्सोल, म्हणजे टीव्हीला लावून गेम खेळायचं यंत्र, टॉवेलात गुंडाळला, धुतलेल्या युरियाच्या थैलीत घातला, पुतण्या मागं मांडीवर घेऊन बसला अन् २२ किलोमीटर गाडी अशी चालवली की गड्ड्यात चाक गेलं की माझाच जीव वर यायचा. दुकानवाल्या दादानं थैली उघडली, फडक्यानं धूळ पुसली, मागच्या जाळीत फुंकर मारून पाहिली, मग कागदाच्या चिठ्ठीवर नाव, गाव अन् मोबाइलचे शेवटचे चार आकडे लिहून टेपनं चिकटवली. पासवर्ड टाकायच्या वेळी तो स्वतः तोंड फिरवून उभा राहिला, म्हणे, "भाऊ, तुमच्या हातानं टाका, मले सांगू नका." मागच्या मांडणीवर पीक विम्याच्या फायली, शिष्यवृत्तीच्या फॉर्मचे गठ्ठे, अन् त्यांच्या मधात चार कन्सोल अन् एक लॅपटॉप, सगळ्यांचे छोटे लाइट लुकलुक करून राहिले. खाली इन्व्हर्टरच्या दोन बॅटऱ्या, म्हणजे लाइन गेली तरी डाउनलोड तुटत नाही. एका कन्सोलवर नेरचं नाव होतं, एकावर आर्णीचं. म्हणजे आपण एकटे नाही.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता त्याचाच फोन आला, "झालं भाऊ, चालू करूनही पाहिलं." घ्यायला गेलो तेव्हा त्यानं माझ्यासमोर कन्सोल टीव्हीला लावून गेम मेनूपर्यंत नेऊन दाखवला अन् मगच पैसे घेतले. हे मुद्दाम लिहितो कारण ज्याच्याकडून १०० रुपयांचं काम घेतलं त्यानं चालू करून दाखवलं, अन् ज्यांनी ५ हजार घेतले त्यांनी अर्धा माल डब्ब्यात घालून पाठवला.

तिथंच बाकावर एक म्हातारे बाबा फॉर्म भरायला बसले होते, त्यांना काही समजेना की हे काय चाललं, दादानं त्यांना समजावलं की बियाण्याच्या पिशवीवर चित्र आहे पण आत दाणे अर्धेच, बाकीचे दाणे तुम्ही तारेवरून आणा. बाबा म्हणाले मग पंचनामा करा ना. सगळे हसले, पण ते बाबा मस्करी करत नव्हते अन् मला त्यांचंच बरोबर वाटलं. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही तेव्हा किती तक्रारी झाल्या होत्या आठवा. पिशवी, टॅग, बिल जपून ठेवलं असलं तर तालुका तक्रार निवारण समितीचे लोक शेतात येतात, ओळीत किती रोपं उगवली ते मोजतात, पंचनामा करतात. भरपाई भेटते न भेटते ती पुढची गोष्ट, पण कोणी तरी बांधावर येऊन पाहतो की माल उगवला का नाही. गेम नाही उगवला तर कोण येते? डब्ब्याचं सील फुटलं की दुकानदार परत घेत नाही, अन् सील फोडल्याशिवाय समजत नाही की आत काय आहे.

पीसीवाल्यांचं, म्हणजे कॉम्प्युटरवर खेळणाऱ्यांचं, थोडं बरं आहे, स्टीम नावाच्या ऑनलाइन गेमच्या दुकानात १४ दिवसांच्या आत अन् २ तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत भेटतात, चांगला नियम आहे. पण आमच्यासारख्याला डाउनलोडलाच १० दिवस लागले तर उरले ४. नियम करणाऱ्यानं गावातलं नेट पाहिलेलं नाही.

आता गेम. पोट्ट्यानं शुक्रवारी रात्री सुरू केला अन् सगळ्यात पहिले समोर आलं ते गेममधलंच दुकान. कपडे, बंदुकीचे रंग, सीझनचा पास, वेगळे पैसे. अजून एक पाऊल चाललो नव्हतो. पावसाचा एक सीन आहे, दिसायला भारी, पण तिथं चित्र अडकत अडकत चालते, जसं गढूळ पाण्यात मोटर धरते सोडते. दोनदा सेव्ह, म्हणजे कुठपर्यंत खेळलो त्याची नोंद, उडाली, दुसऱ्या वेळी तीन तासांचा खेळ गेला. अन् सगळ्यात राग येण्यासारखी गोष्ट म्हणजे एकट्यानं खेळायची स्टोरी आहे, दुसरा कोणी खेळाडू नाही, तरी नेट लागतेच. आमच्या इथं लाइन जास्त वेळ गेली की टॉवरही बसतो, घरचा इन्व्हर्टर चालू, टीव्ही चालू, कन्सोल चालू, अन् गेम म्हणते कनेक्शन नाही, बाहेर निघा. घरातल्या खाटेवर बसून आपलाच गेम खेळायला दुसऱ्याची परवानगी. गोष्ट मात्र चांगली लिहिली आहे, आवाज चांगले, डोंगरावरचं गाव काय बनवलं आहे, म्हणून अजून जास्त त्रास होतो, कारण दिसते की बनवणाऱ्या पोरांनी जीव ओतला अन् कोणीतरी वर बसून तारीख आली म्हणून कच्चाच काढायला लावला. गेमला पाचपैकी दीड.

अन् हे फक्त माझ्याच नशिबात आलं असं नाही. २०२२ मधे कॉल ऑफ ड्युटीचा मॉडर्न वॉरफेअर २ आला तेव्हा सोनीच्या प्लेस्टेशन ५ कन्सोलच्या डिस्कवर साधारण ७० एमबी होते फक्त, बाकी सगळं डाउनलोड. एवढ्यात तर मोबाइलमधला एक मोठा व्हिडिओ बसत नाही. २०२५ मधे निन्टेन्डो स्विच २ हा कन्सोल आला, त्यात काही गेमच्या कार्डात गेमच नसतो, नुसती चावी असते, म्हणजे गेम डाउनलोड करायची परवानगी, निदान डब्ब्यावर तसं लिहून तरी असते. सायबरपंक २०७७ हा गेम तर खेळणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे, १० डिसेंबर २०२० ला आला, जुन्या कन्सोलवर इतका खराब चालला की आठवडाभरात सोनीनं तो आपल्या स्टोअरवरून काढला अन् पैसे परत द्यायला लागले, परत यायला जून २०२१ उजाडला. पुढं त्यांनी तो खरंच चांगला करून दिला, मी ते नाकारत नाही, पण ज्यानं पहिल्या दिवशी पूर्ण पैसे भरले त्यानं पैसे देऊन टेस्टिंग केली अन् जो दोन-तीन वर्षं थांबला त्याला चांगला माल स्वस्तात भेटला. हे उलटं आहे. विश्वास ठेवणाऱ्याला शिक्षा.

मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट म्हणजे द क्रू. २०१४ चा गाड्यांचा गेम, त्यात अख्खी अमेरिका फिरता यायची, एकट्यानं पण खेळता यायचा. तो काढणाऱ्या युबिसॉफ्ट कंपनीनं ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले अन् ज्यांच्याजवळ डिस्क होती त्यांची डिस्क पण बेकार झाली. यावरूनच रॉस स्कॉट नावाच्या माणसानं स्टॉप किलिंग गेम्स ही मोहीम उभी केली, मागणी साधी आहे की विकलेला गेम बंद करताना तो खेळण्यासारख्या हालतीत सोडून जा. युरोपात त्यावर २०२५ च्या जुलैपर्यंत १० लाखांच्या वर सह्या झाल्या. आपल्याकडं याची चर्चा पण होत नाही. आमच्या वाड्यात आजोबांची वखर अजून आहे, ज्यानं बनवली तो कधीचा गेला, वखर चालते.

आम्ही तीन-चार गावांतले दोस्त डिस्क आलटून-पालटून खेळायचो. एकानं घ्यायचा, संपला की दुसऱ्याला द्यायचा, चौघांत चार गेम व्हायचे. आता काही डब्ब्यांत एक कोड येतो, तो एकदा टाकला की संपला, पुढच्याला अर्धाच गेम भेटतो. मी शाळेत असताना दारव्ह्याच्या कॅफेत तासाला १० रुपये देऊन व्हाइस सिटी खेळायचो, दोन सीडींत मावायचा पूर्ण गेम. त्या सीडी पायरेटेड होत्या, ते चूकच होतं, अन् कमवायला लागल्यावर मी ठरवलं की आता विकतच घ्यायचं. म्हणून हे लिहिताना जीवाला लागते की चोरीची सीडी लावली की चालायची अन् बिलाची डिस्क चालत नाही.

चांगलं कोणीच करत नाही असंही नाही. बाल्डर्स गेट ३ वाल्यांनी २०२० पासून सरळ सांगून अर्धवट गेम विकला, अर्धवट आहे म्हणून, ज्याला पटलं त्यानं घेतला, अन् २०२३ च्या ऑगस्टमधे पूर्ण दिला. आपल्या पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सनं २०२० मधे राजी काढला, राजी नावाची पोरगी आपल्या गोलू नावाच्या भावाला शोधत जाते, दुर्गा, विष्णू सगळे त्यात आहेत. छोटा गेम आहे, मारामारीत कुठं कुठं अडखळतो, पण घेतला अन् खेळला, मधात कोणी हात धरला नाही. पुतण्यानं दोनदा संपवला. सध्या तोच परत लावून बसला आहे अन् ४,९९९ चा डब्बा टीव्हीच्या मागं पडून आहे.

आता दुकानाचा अर्धा तारा काऊन कापला. पावती देत नाही, वही आहे पण ती त्याच्याच जवळ, उद्या कोणाचा कन्सोल इकडचा तिकडं झाला तर दाखवायला काही नाही. माझी टीव्हीला जोडायची एचडीएमआय वायर तिथंच राहिली अन् दुसऱ्याची आली, ती आखूड निघाली. अन् मांडणीवर कन्सोल एकावर एक ठेवू नये, रात्रभर गरम होतात, त्याला बोललो तर म्हणे फळी वाढवतो. माणूस ऐकून घेणारा आहे, वाढवेल.

जाणार असाल तर वायर घरी ठेवा, फक्त कन्सोल अन् पॉवरची दोरी न्या, दोन्हीवर मार्करनं नाव टाका. निघायच्या आधी कन्सोलमधे जागा रिकामी करा, नाहीतर रात्र वाया जाते. संध्याकाळी सहाच्या आत पोचा, तेव्हा फॉर्मवाल्यांची गर्दी कमी असते. पासवर्ड स्वतः टाका. अन् नवीन डिस्क घेत असाल तर डब्ब्याच्या मागं बारीक अक्षरात डाउनलोड लागेल असं लिहिलं आहे का ते दुकानातच वाचा, बिल फेकू नका, आत कमी माल निघाला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. मी बिलाचा अन् डब्ब्याच्या मागच्या बाजूचा फोटो काढून ठेवला, पडद्यावरच्या ८४ जीबीच्या मेसेजचा पण, सोमवारी लावतो फोन.