सोलर ड्रायरचे आठ महिने आणि तो एक पंखा

गेल्या आठवड्यात पंखा दुसऱ्यांदा बंद पडला, म्हणून लिहायला बसलोय. पॉलिकार्बोनेटचं छप्पर, स्टीलचे ट्रे, १२ व्होल्टचा पंखा, ढगाळ दिवसांसाठी हवा तापवायला १ किलोवॉटची विजेची कॉइल, असा नेहमीचाच घरगुती ड्रायर. मार्चमध्ये घेतला तो भिरंडांसाठी, म्हणजे कोकमाच्या फळांसाठी. गोव्यात पेडण्याला आमच्या भाटात, म्हणजे बागेत, सात झाडं आहेत. फळ उतरतं एप्रिल-मेमध्ये, तोवर पाऊस दाराशी आलेला असतो. मेअखेरची एक सर आली की गच्चीवर सुकत घातलेल्या निम्म्या सोलांना, म्हणजे भिरंडाच्या सालींना, बुरशी ठरलेली.

एप्रिलमध्ये मी जाम खूश होतो. दुपारी आत ५५ ते ६० अंश. गच्चीवर आठवडा घेणारी सोलं इथे तीन-चार दिवसांत तयार, वर धूळ नाही, माश्या नाहीत. तेव्हा लिहिलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते.

मेमध्ये पंखा थांबला आणि मला कळलंच नाही, कारण तापमान उलट वाढलं. काटा ६५ वर पाहून वाटलं, आता अजून लवकर सुकतील. दुसऱ्या दिवशी छपराला आतून थेंब लटकलेले आणि वरच्या ट्रेमधली सोलं उकडल्यासारखी मऊ! सोलातून निघालेली वाफ बाहेर जायलाच हवी. आतली हवा एकदा भरली की कितीही तापवा, पाणी सोलातच राहतं.

कंपनीला फोन केला. उत्तर मिळालं, "मिठाने आणि आंबट रसाने गंजलाय, वॉरंटीत बसत नाही." अहो, सोलं सुकवायलाच यंत्र विकलंत ना तुम्ही? सोलं सुकवताना आगळाची (भिरंडाच्या आंबट रसाची) आणि मिठाची पुटं देतात, म्हणजे ती त्यात पुन्हा पुन्हा भिजवतात, हे गोव्यात कोणाला सांगावं लागतं? १९ दिवस फोनाफोनी केल्यावर पंखा मिळाला, तोही अगदी तसाच.

मधल्या दिवसांत कॉइल लावली आणि दारं थोडी उघडी ठेवली. वीजबिल पाहून कॉइलवर चिडलो होतो. नंतर वहीत हिशेब मांडला. १ किलो पाणी उडवायला निदान ०.६५ युनिट उष्णता लागतेच, त्यात यंत्राचा दोष नाही. १० किलो सालीतून साडेसात किलो पाणी जायचं तर पाच युनिट झाली. शिवाय प्रत्येक पुटाबरोबर आपणच पुन्हा पाणी घालतो, तेही उडवायचं. ही सगळी उष्णता एरवी ऊन फुकट देतं. ते ऊन कामी लावणारा पंखा जेमतेम १० वॉटचा, आणि कंपनीने काटकसर केली ती नेमकी तिथे. याचाच मला खरा राग आहे.

कॉइलबद्दलचं मत मात्र मी पावसाळ्यात बदललं. जुलैमध्ये खोबरं सुकवलं. बाहेर २५ अंश, आर्द्रता ९० टक्के. तीच हवा ४५ अंशांपर्यंत तापली की आर्द्रता ३० टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे तिला पाणी ओढायला जागा होते. पंखा चालू होता तोवर एकाही वाटीला बुरशी आली नाही. कॉइल रोज सात-आठ तास चालली. बिल आलं, पण खोबरं वाया गेलं नाही, त्यामुळे परवडलं.

ट्रे चांगले आहेत. दाराचं रबर सैल झालंय, त्याचं काही नाही.

आता पंखा पुन्हा गेल्यावर कंपनीला फोन केला नाही. म्हापशाहून पाणी-धूळबंद पंखा आणला आणि जागाच बदलली. पूर्वी तो वर, बाहेर जाणाऱ्या दमट खारट हवेच्या तोंडावर होता. आता खाली आहे, बाहेरची हवा आत ढकलतो, त्यामुळे वाफ त्याच्या अंगावर येत नाही. वरची खिडकी नुसती उघडी ठेवलीय. परवा खोबऱ्याची पहिली खेप काढली. आईने वाटी मोडून पाहिली, कट्‌कन तुटली. सोलांचं मात्र एप्रिलमध्येच कळेल. तोवर माझ्याकडून पाचपैकी तीन.