ऑटोकॅडच्या टूलबारवर स्वतःची बटणं: आठ महिने वापरल्यानंतर

आठ महिन्यांपूर्वी मी ऑटोकॅड या संगणकावर ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरच्या उजव्या कडेला स्वतःचा एक उभा टूलबार लावला. तेव्हा त्यावर अकरा बटणं होती, आज पाच उरलीत. त्या अकरांचा हा हिशेब.

आधी ऑफिसची ओळख. सांगलीत आम्ही घरांची आणि छोट्या अपार्टमेंटची ड्रॉइंग्ज करतो. माणसं चार: आर्किटेक्ट मॅडम, मी, नुकतीच आयटीआय करून आलेली एक मुलगी आणि काका. काकांचा हात टी-स्क्वेअरवर बसलेला, पण कॅडवर आले ते असे आले की डाव्या हाताने दोन-दोन अक्षरांच्या कमांड पेटी वाजवावी तशा वाजवतात. टूलबार बघून ते म्हणाले, "अरे, माउस तिथवर नेईपर्यंत माझी भिंत काढून होते." हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ही बटणं ऑटोलिस्पमध्ये (थोडक्यात लिस्प, ऑटोकॅडमध्ये स्वतःच्या कमांड लिहायची भाषा) मी लिहिलेल्या कमांड चालवतात. ती भाषा ऑटोकॅडमध्ये १९८६ पासून आहे, त्यामुळे तिच्यात नवं काही नाही. नवं इतकंच की २०२४ च्या आवृत्तीपासून एलटी या हलक्या ऑटोकॅडमध्येही लिस्प चालते. स्वस्तातली एलटी घेऊन बसलेल्या छोट्या ऑफिसांसाठी ही मोठी गोष्ट आहे.

बटण लावणं खरं तर दहा मिनिटांचं काम. सीयूआय (मेनू आणि टूलबार बदलायची कमांड) टाइप केलं की तीन कप्प्यांची खिडकी उघडते. खालच्या यादीत नवी कमांड करायची, उजवीकडे मॅक्रोच्या (बटण दाबल्यावर चालणाऱ्या ओळीच्या) रकान्यात लिस्पने केलेल्या कमांडचं नाव लिहायचं आणि कमांड ओढून वरच्या टूलबारवर सोडायची. मॅक्रोच्या सुरुवातीला टोपीचं चिन्ह आणि सी असं दोनदा आधीच लिहिलेलं असतं, ते पुसू नका. ते म्हणजे दोनदा एस्केप. काही कमांडमधून बाहेर पडायला एक एस्केप पुरत नाही. मी 'सुटसुटीत' म्हणून पुसलं आणि मग अर्धवट चालू असलेल्या कमांडच्या तोंडात माझी कमांड जाऊन पडायला लागली.

पहिला आठवडा एका तिरक्या रेघेने खाल्ला. लिस्पची फाइल बटणातूनच लोड करावी म्हणून मी मॅक्रोमध्ये फोल्डरचा पूर्ण पत्ता विंडोजच्या सवयीने, उलट्या तिरक्या रेघा देऊन लिहिला. मॅक्रोच्या भाषेत उलटी तिरकी रेघ म्हणजे 'थांब, वापरणाऱ्याला काहीतरी क्लिक करू दे'. त्यामुळे बटण दाबलं की कमांड लाइनवर अर्धी ओळ उभी राहायची आणि माझ्याकडे बघत बसायची. मी मात्र लिस्पचे कंस मोजत होतो. पत्त्यात सरळ तिरकी रेघ दिली आणि सगळं चालू झालं. तसंच मॅक्रोत अर्धविराम म्हणजे एंटर, आणि कंसाबाहेरची मोकळी जागासुद्धा एंटरच. हे तीन नियम आधी कळले असते तर तो आठवडा वाचला असता.

नंतर पत्ता बटणात लिहायचाच बंद केला. स्वतःच्या मेनूची वेगळी सीयूआयएक्स फाइल (टूलबार आणि बटणं जिच्यात साठतात ती) केली आणि त्याच नावाची एमएनएल ही लिस्पची फाइल शेजारी ठेवली. मेनू लोड झाला की ती आपोआप वाचली जाते, तीच लिस्प लोड करते. मूळ मेनूत बटणं घुसवू नका. आधी मी तसंच केलं होतं आणि मशीन फॉरमॅट झाल्यावर सगळं पुन्हा करत बसलो. आता पेनड्राइव्हवर दोन फाइली, लिस्पचं फोल्डर, आणि सीयूआयलोड कमांड. संपलं.

लोड करताना येणारी सुरक्षेची सूचना त्रासदायक वाटते, म्हणून बरेच जण सिक्युअरलोड ही सेटिंग शून्य करून ती सूचनाच बंद करून टाकतात. तसं करू नये. २०१२ साली ऑटोलिस्पमध्येच लिहिलेला मेड्रे नावाचा वर्म, म्हणजे स्वतःच पसरणारा घातक प्रोग्राम, सापडला होता. पेरूमधल्या कितीतरी संगणकांतली ड्रॉइंग्ज तो ईमेलने चीनमधल्या पत्त्यांवर पाठवत होता. आपलं एकच फोल्डर विश्वासू पत्त्यांच्या यादीत घालायला अर्धा मिनिट लागतो.

बटणांवरच्या चित्रांचं काय सांगू! एक चित्र सोळा बाय सोळा पिक्सेलचं लागतं, दुसरं बत्तीस बाय बत्तीसचं. क्षेत्रफळाच्या बटणासाठी मी हौसेने 'क्ष' काढला. मोठा बरा दिसला, छोटा मेलेल्या डासासारखा. आता त्या जागी नुसता हिरवा चौकोन आहे आणि सगळे त्याला 'हिरवं बटण' म्हणतात.

हे हिरवं बटण म्हणजेच आमचा खरा फायदा, आणि खरा घोळही तिथेच झाला. आमच्याकडे एकाच जागेचं क्षेत्रफळ तीन भाषांत सांगावं लागतं: महापालिकेला चौरस मीटर, घेणाऱ्याला चौरस फूट आणि ज्याची जमीन आहे त्याला गुंठे. खोलीच्या आत क्लिक केलं की लिस्प बाउंड्री, म्हणजे कडेने फिरणारी बंद रेघ, काढते, चौरस मिलिमीटरला दहा लाखांनी भागून चौरस मीटर देते, १०.७६४ ने गुणून चौरस फूट देते, प्लॉट असेल तर चौरस फुटांना १०८९ ने भागून गुंठे, आणि ओळी मजकुरात लिहून टाकते. मोजणीवाल्याकडून ड्रॉइंग मीटरमध्ये आलं तेव्हा उत्तर ०.०० आलं, पण ती चूक लगेच दिसली. आता लिस्प आधी युनिट तपासते.

न दिसणारी चूक वेगळी होती. एका बंगल्याची बेडरूम मालकाने फूटभर वाढवायला सांगितली. नव्या मुलीने भिंत स्ट्रेच केली (निवडीच्या चौकटीत पकडून ताणली), मितीचा आकडा आपोआप बदलला, क्षेत्रफळाचा आकडा मात्र जुनाच राहिला, कारण माझ्या बटणाने तो साधा मजकूर म्हणून लिहिला होता. मॅडमनी प्रिंटवर पेन्सिलने गुणाकार केला म्हणून सापडलं. बोलल्या काही नाहीत, नुसता आकड्याभोवती गोल केला. मुलीची चूक नव्हती. आकडा हाताने लिहिला असता तर तो बदलायचा हेही तिला आठवलं असतं. बटणाने लिहिलेला आकडा आपोआपच बदलत असणार, असं कुणालाही वाटेल.

त्या रात्री लिस्प बदलून मजकुराच्या जागी फील्ड, म्हणजे स्वतः बदलणारा मजकूर, टाकलं. फील्ड त्या बाउंड्रीला बांधलेलं असतं, युनिटचा गुणक त्यातच घालता येतो, आणि रीजेन केलं (ड्रॉइंग पडद्यावर पुन्हा काढायला लावलं) की आकडा ताजा होतो. पडद्यावर त्याच्यामागे राखाडी पट्टी दिसते, प्रिंटमध्ये येत नाही. ती पट्टी मला आवडते, आकडा जिवंत आहे हे लांबूनच कळतं. एक अडचण राहतेच: भिंत हलली म्हणून बाउंड्री आपोआप हलत नाही. स्ट्रेचच्या चौकटीत तीही पकडावी लागते. म्हणून तिचा लेयर (ड्रॉइंगचा थर) फ्रीझ किंवा लॉक करत नाही, फक्त नो-प्लॉट (प्रिंटमध्ये न येणारा) ठेवतो.

ऑस्नॅपचाही (रेघ नेमकी टोकाला चिकटवणाऱ्या सोयीचाही) असाच एक गुपचूप त्रास होता. माझी एक लिस्प कामापुरता ऑस्नॅप बंद करून शेवटी पूर्ववत करायची. मध्येच एस्केप दाबलं तर शेवटपर्यंत पोचायचीच नाही. मग तासभर काढलेल्या रेघांची टोकं केसभर सुटलेली. एरर झाल्यावर जुनी सेटिंग परत आणणारं फंक्शन प्रत्येक लिस्पमध्ये हवंच, एस्केपलाही ते चालतं. शिवाय अनडूची सुरुवात आणि शेवट घातला की एका कंट्रोल-झेडमध्ये बटणाने केलेलं सगळं मागे जातं.

आता गेलेली सहा. त्यांतली चार मी स्वतःसाठी केली होती: लेयर बदलणं, लेव्हलची खूण, उत्तरेचा बाण, मजकुराची उंची. काकांचं बरोबर निघालं. रोज वीसदा लागणाऱ्या कामासाठी हात कीबोर्डवरच राहतो. त्याच लिस्प आता दोन अक्षरांच्या कमांडने चालवतो. दोन बटणं कुणी दाबलीच नाहीत.

टिकलेली पाच ती, जी दिवसातून दोन-तीनदाच लागतात, म्हणून नाव आठवत नाही, किंवा जी माझ्याशिवाय इतरांनाही लागतात. पर्ज (नको असलेलं काढणं), ऑडिट (चुका तपासणं), झूम एक्स्टेंट (सगळं ड्रॉइंग पडद्यावर आणणं) आणि सेव्ह एकत्र करणारं 'पाठवायच्या आधी' हे बटण मॅडम स्वतः वापरतात, आणि त्यांना एकही कमांड पाठ नाही. नव्या मुलीला दुसऱ्याच दिवशी हिरवं बटण जमलं. आता प्रत्येक बटणावर माउस नेल्यावर दिसणाऱ्या टीपमध्ये ते काय करतं आणि काय करत नाही, दोन्ही मराठीत लिहून ठेवलंय. हिरव्यावर लिहिलंय: 'भिंत हलवली तर बाउंड्रीपण हलवा, मग रीजेन.'

परवा काका खुर्ची सरकवत आले. दरवाजे-खिडक्यांचं (ड्रॉइंगमध्ये ब्लॉक, म्हणजे तयार आकृत्या) शेड्यूल, म्हणजे यादी, हाताने मोजून कंटाळले होते. "ब्लॉक मोजून देणारं एखादं बटण कर रे," म्हणाले. "चित्र नको काढू मात्र."