लोकलमध्ये उघडता येईल असं मराठी बायबल: कोणतं घ्यावं?

दुकानात मराठी बायबल मागितलं की आधी पुढे येतं ते काळं, झिपवालं, सोनेरी कडांचं. लग्नात भेट द्यायला ते छानच. पण सकाळच्या दादर फास्टमध्ये ते उघडायला दोन हात लागतात, आणि त्यातला एक हात कडीला असतो.

‘जिवेभावे करा’ हे बायबलच्या कलस्सैकरांस पत्रातलं (3:23) वचन चर्चमध्ये पुष्कळ वेळा ऐकू येतं. प्रेषित पौलाने ते लिहिलं दासांना, म्हणजे दुसऱ्याच्या हाताखाली राबणाऱ्यांना. त्यात उपासनेचा विषय नाही, नोकरीचा आहे. तेव्हा कामाच्या वाटेवर निघेल असंच पुस्तक आधी घ्यावं, कपाटातलं मागाहून.

यासाठी सर्वात सोयीचा म्हणजे स्तोत्रसंहिता आणि नीतिसूत्रे जोडलेला, खिशात मावणारा नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग. घेण्याआधी टाइप तपासा. बारीक देवनागरीत अनुस्वार आणि रफार आधी नाहीसे होतात, मग ‘घ’ आणि ‘ध’ एकच दिसायला लागतात. हातभर अंतरावरून नव्या कराराच्या पहिल्याच पुस्तकातली, मत्तयातली वंशावळ वाचून बघा. तिथली नावं अंदाजाने वाचता येत नाहीत, त्यामुळे खरा निकाल लागतो. मग पान उजेडात धरा. मागची छपाई पुढे उमटत असेल तर गाडीच्या दिव्याखाली डोळे दुखणार. शेवटी कण्याचा वरचा भाग बघा. दुमडलेले फर्मे, म्हणजे पानांचे छोटे गठ्ठे, दिसले तर शिलाई आहे. नुसत्या डिंकावर चिकटवलेली प्रत रोज उघडून मधोमध सुटते.

झिपवालंच घ्यायचं असेल तर प्लास्टिकच्या दातांची चेन बघा. धातूची चेन इथल्या खाऱ्या, दमट हवेत गंजून अडते, आणि जोर लावला की कडेचं पातळ पान दातांत सापडतं. बिचारं शेवटचं पुस्तक, प्रकटीकरण, आधी जातं. पांढऱ्या मेणबत्तीचा तुकडा दातांवर घासला की चेन सरकते.

खुणा करायला जेल पेन आणि हायलायटर नकोत, शाई पलीकडे फुटते. रंगीत पेन्सिल बरी. पावसाळ्यात पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कायमचं ठेवू नका. आतली ओल आतच राहते आणि बुरशी धरते. पिशवी फक्त प्रवासापुरती. भिजलंच तर उभं ठेवून पानं पंख्यासारखी मोकळी करा, मध्ये मध्ये टिश्यू घाला आणि पंख्याखाली वाळवा. उन्हात वाळवलं की पानं आखडतात.

मोबाइलमधलं बायबल फुकट असतं आणि उभ्या गर्दीत एका हातात चालतं. मजकूर आधीच डाउनलोड करून ठेवा, मधेच नेटवर्क गेलं तर वाचन अडत नाही. नोटिफिकेशन मात्र बंद ठेवा, नाहीतर दुसऱ्या ओवीला ऑफिसचा ग्रुप हजर.

वसई पट्ट्यातल्या कॅथलिक वाचकांनी अनुक्रमणिका बघूनच घ्यावं. प्रोटेस्टंट प्रतीत 66 पुस्तकं असतात, कॅथलिक बायबलमध्ये 73. तोबित, यहुदीथ वगैरे हवी असतील तर नेहमीची प्रत पुरणार नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ घरी अभ्यासाला उत्तम, पण पिशवीत न्यायला जड.

आता वाचायचं कसं? वर्षभरात अख्खं बायबल म्हणजे 1189 अध्याय, रोज तीन-चार. उत्पत्ती आणि निर्गम ही पहिली दोन पुस्तकं मिळून 90 अध्याय होतात, म्हणजे जानेवारी सरता सरता माणूस तिसऱ्या, लेवीयमधल्या होमार्पणांपाशी पोहोचतो, आणि बहुतेकांची गाडी तिथेच बंद पडते. नव्या कराराचे अध्याय 260. सोमवार ते शुक्रवार रोज एक धरला तर 52 आठवड्यांत बरोबर पूर्ण होतो, आणि राहिलेलं भरून काढायला शनिवार-रविवार मोकळे. नीतिसूत्रांचे अध्याय 31 आहेत, ते तारखेप्रमाणे घ्या. 17 तारखेला सतरावा. एखादा दिवस चुकला तर मागचं ओझं नाही, सरळ त्या दिवसाचा अध्याय उघडायचा.

वाचलेल्या जागी कागदाची एक चिठ्ठी ठेवा आणि तिच्यावर त्या दिवशी करायचं एकच काम लिहा. ‘प्रेमाने वागेन’ असलं काही नको, संध्याकाळी हो किंवा नाही असं उत्तर देता येईल तेच: उशिरा आलो तर मस्टरवर खरी वेळ लिहीन, रखडलेलं बिल आज पास करीन, डबेवाल्याचे थकलेले पैसे देईन. परतीच्या गाडीत चिठ्ठीवर खूण करा. तेच काम चार दिवस उरलं तर ते मोठं आहे, त्याचे तुकडे करा.