विमा नाही तर ट्रायल नाही म्हणणारं गॅरेज (पाचपैकी चार तारे)

आधीच सांगून टाकतो, हा मिस्त्री माझा पिग्मीचा (रोज थोडे पैसे भरायची बचत, मी ती दारोदार गोळा करतो) खातेदार आहे. रोजचे पन्नास रुपये, चार वर्षं झाली, भर पावसाळ्यातही खाडा नाही. त्यामुळे हा रिव्ह्यू कुणाला ओळखीतला वाटला तर वाटू दे. बिलात मात्र ओळखीचा एक रुपया सुटलेला नाही.

गाडी स्प्लेंडर, स्पोकवाली, ऑक्टोबर २०१९ ची. डिसेंबरात आमच्या पलूस (सांगली जिल्हा) भागात साखर कारखाने जोरात असतात. अंधार पडला की रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, मागं ना लाइट ना रेडियम. वसुली उरकून सातच्या सुमाराला परत येत होतो. पुढच्या ट्रॉलीतनं पडलेली मोळी चुकवायला उजवीकडं ओढलं आणि समोरून येणाऱ्या दूधवाल्या मामांना जाऊन धडकलो. चूक माझीच. मला गुडघ्याला खरचटलं, हेल्मेटला एक चरा. मामांचा कॅन आडवा झाला, दूध डांबरावरनं चारीकडं निघालं, आणि मामा एका हातानं दुसरं मनगट धरून ओरडत होते, ‘‘आधी कॅन उभा करा की ओ, कॅन!’’

मनगटाचं हाड मोडलं होतं. दवाखान्यातनं पोलिसांना कळवतातच, तसे हवालदार आले. मामांनी ‘‘माझी काय तक्रार न्हाय’’ असा जबाब दिला, हे त्यांचे उपकार. हवालदारांनी माझ्या गाडीचा नंबर मोबाइलवर टाकला आणि म्हणाले, ‘‘विमा संपलाय की हो तुमचा. चौदा महिने झाले.’’

मी वाद घातला. गाडी घेतानाच पाच वर्षांचा विमा काढलाय म्हटलं. ते म्हणाले, ‘‘मग मोजा.’’ तिथंच बाकड्यावर बसून बोटांवर मोजलं. पाच वर्षं ऑक्टोबर २०२४ लाच भरली होती. सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना थर्ड पार्टी (समोरच्याच्या नुकसानीचा विमा) पाच वर्षांची एकदमच घ्यावी लागते. सोय चांगली, पण पाच वर्षं त्या कागदाकडं बघायची सवयच राहत नाही. माझ्या विम्यातला स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग तर एकाच वर्षाचा होता, तो २०२० मध्येच संपलेला. रोज शंभर घरी जाऊन ‘‘आजची पिग्मी राहिली’’ म्हणून आठवण करणारा माणूस मी. असो. दोन हजारांचं ई-चलन जागेवर आलं.

मामांचं प्लास्टर, एक्स-रे, औषधं मिळून ११,४००. ३१ लिटर दूध, चेपलेला कॅन, शिवाय तीन आठवडे रतीब घालायला त्यांचा भाचा, त्याची मजुरी. सगळं मिळून वीस हजारांच्या घरात गेलं, सगळं खिशातनं. मामा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात गेले असते तर आकडा वेगळाच झाला असता. तेव्हा थर्ड पार्टी असती तर भरपाई विमा कंपनीनं दिली असती, नसल्यामुळे मालकाच्या नावानं हुकूम. आयुष्यभर दुसऱ्याच्या दारात वसुलीला गेलो, माझ्या दारात वसुली आली असती.

आता गाडीचं. अनेकांना वाटतं की थर्ड पार्टी असती तर गाडी तरी फुकटात झाली असती. तसं नसतं, त्यातनं फक्त समोरच्याचं नुकसान भरून मिळतं. म्हणजे दुरुस्ती माझ्याच गळ्यात होती. आधी कंपनीच्या वर्कशॉपला नेली. तिथल्या पोरानं गाडी बघायच्या आधी विचारलं, ‘‘इन्शुरन्स आहे ना?’’ नाही म्हटल्यावर १४,३०० चं एस्टिमेट हातात दिलं आणि तो पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळला. टेम्पोत टाकून गाडी मिस्त्रीकडं आणली.

मिस्त्रीनं गाडी मेन स्टँडवर घेतली, तेलाचा रिकामा डबा पुढं ओढून त्यावर बसला आणि एक डोळा मिटून दोन्ही फोर्क (पुढचं चाक धरणारे दांडे) दाराच्या चौकटीशी जुळवून बघत राहिला. दोन-तीन मिनिटं नुसता बघत होता. मग म्हणाला, ‘‘टी गेली.’’ टी म्हणजे दोन्ही फोर्क वर धरून हँडलला जोडणारा सांधा. मी म्हटलं, ठोकून सरळ कर, पैसे वाचतील. तर म्हणाला, ‘‘रिम ठोकंन, लेगगार्ड ठोकंन. टी ठोकत न्हाय. एकदा वाकलेली टी खड्ड्यात मोडती, आन् मोडली की माणूस तोंडावर जातो.’’ फोर्कचे पाइप काढून त्यानं शोकेसच्या काचेवर लाटण्यासारखे फिरवून दाखवले. डावा सरळ गेला, उजवा दर फेऱ्याला काच सोडून वर उठत होता. तो वाकडेपणा नुसत्या डोळ्यांना दिसत नव्हता. उजवा नवा घातला, डावा तोच ठेवला, दोन्हीकडं ऑइल आणि सील नवे. वर्कशॉपच्या एस्टिमेटमध्ये दोन्ही पाइप नवे होते. तिथं ती काच कुणी वापरली नव्हती, एवढं खरं.

रिमचा आऊट (फिरताना डावी-उजवी डुलणं) त्यानं स्क्रूड्रायव्हरचं टोक चिमट्याला (चाक धरणाऱ्या दांड्याला) टेकवून काढला. जिथं रिम टोकाला घासायची तिथले पलीकडच्या बाजूचे स्पोक अर्धा-अर्धा आटा आवळायचा, परत फिरवायचा. पाऊण तास. काढलेला सगळा जुना माल सिमेंटच्या पिशवीत घालून मला परत दिला, न मागता.

शनिवारी गाडी उभी झाली. मी म्हटलं, मार ट्रायल. मिस्त्री हात पुसत म्हणाला, ‘‘टी बदललीय, ट्रायल मारावीच लागंल. पण विमा काढलाय का?’’ काढला नव्हता. दुरुस्ती झाली की काढू म्हणत होतो, खरं सांगतो. ‘‘मग मी न्हाय बसत. ट्रायलला हँडल ओढलं आन् कुणाला लागलं तर? तुम्ही मालक म्हणून अडकणार, मी चालवणारा म्हणून.’’ एवढं बोलून तो दुसऱ्या गाडीचा प्लग काढायला गेला.

त्याच डब्यावर बसून मोबाइलवर थर्ड पार्टी काढली. पंच्याहत्तर ते दीडशे सीसीच्या गाडीला तेव्हा वर्षाचे ७१४ रुपये होते, जीएसटी धरून ८४३. मालकाचा स्वतःचा पंधरा लाखांचा अपघात विमा घेतला, त्याचे पैसे वेगळे. थर्ड पार्टीला गाडीचे फोटो नाहीत, तपासणी नाही, दहा मिनिटांत कागद हजर. कागद मिस्त्रीला दाखवला. त्यानं चष्मा लावून खालची ओळ वाचली: विमा रात्री बारानंतर लागू. ‘‘म्हणजे उद्या.’’ मी एसटीनं घरी आलो. त्या दिवशी त्याचा रागच आला होता.

रविवारी सकाळी तो ट्रायल मारून आला आणि म्हणाला, हँडल मधोमध अडकतंय. कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) जास्त आवळला गेला होता. पुन्हा सगळं सैल करून बसवलं, त्याचे पैसे लावले नाहीत. आता हात सोडला तरी गाडी सरळ जाते. (सोडू नका.)

एकूण ७,२५०, त्यात मजुरी १,४००. बिल कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर मिळतं, छापील पाहिजे असेल तर विसरा. बुधवार म्हणाला होता, शनिवार उजाडला. हेडलाइटचा झोत लिंबाच्या शेंड्यावर पडत होता, तो मी घरी येऊन खाली घेतला. आणि एक तारा कापलाय तो पेट्रोलसाठी. टाकी अर्धी होती, गाडी हातात आली तेव्हा रिझर्व्हला. ट्रायल एवढी लांब कुठं झाली ते विचारलं तर हसला.

सोमवारी बंद असतं. दहाच्या आत गेलात तर मिस्त्री स्वतः हात लावतो, नंतर पोरं. जाताना पेट्रोल कमीच ठेवा, आणि विम्याचा कागद आदल्या दिवशी काढून न्या, नाहीतर एसटीचं तिकीट धरून चाला.