मासळीची पांढरी फळी: नवी असेतोवर उत्तम

म्हापशाच्या बाजारात भांड्यांच्या दुकानांत मिळते ती एचडीपीई या टणक प्लास्टिकची पांढरी फळी. जाडी 12 मिमी, कडेला रस साठायला खाच, खाली रबरी पाय. बांगडा, इसवण कापायला नवी फळी उत्तम, कारण गुळगुळीत पृष्ठभागावर जंतूंना आडोसा नसतो.

सुरीचे चरे पडले की चित्र पालटतं. जंतू साधारण 1 ते 2 मायक्रॉनचा. चरा त्याच्या कित्येक पट रुंद आणि खोल, पण स्पंज आत पोचत नाही. त्यात हे प्लास्टिक पाणी झटकतं आणि तेल धरून ठेवतं, म्हणून बांगड्यासारखी तेलकट मासळी जास्त त्रास देते. आधी प्रथिनं नि तेलाचा पापुद्रा बसतो, त्यावर जंतू चिकटतात आणि स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात. हीच बायोफिल्म. धुतलेल्या फळीवर बोट फिरवलं आणि बुळबुळीत लागलं, तर ती जमलीच म्हणून समजा.

धुताना आधी थंड पाणी. उकळतं पाणी थेट ओतलं तर मासळीची प्रथिनं शिजून चऱ्यातच घट्ट बसतात. मग साबण लावून ताठ ब्रशने चऱ्यांच्या दिशेने घासा. शेवटी 1 लिटर पाण्यात 4 टक्क्यांचं ब्लीच 5 मिली, 2 मिनिटं, आणि स्वच्छ पाणी. न घासता ब्लीच ओतणं फुकट. क्लोरीन घाणीतच खर्च होतो. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा लिंबू कधीही मिसळू नका, विषारी वायू सुटतो. हळदीच्या डागाची मात्र काळजी नको, तो उन्हात फिका पडतो.

खरी खोट रबरी पायांत आहे. त्यांच्याखाली ओल राहते आणि काळा थर धरतो. पाय नसलेली फळी घ्यावी, सरकू नये म्हणून खाली ओलं फडकं पुरतं. ‘अँटीबॅक्टेरियल’ लिहिलेल्या फळीला जास्त पैसे देऊ नयेत: वर तेलाचा थर असला की त्या द्रव्याचा जंतूंशी संबंधच येत नाही.

लाकूड वाईट नाही. ते ओल आत ओढतं आणि आत गेलेले जंतू बहुतेक सुकून मरतात. पण त्यासाठी फळी पूर्ण वाळायला हवी, आणि गोव्याच्या पावसात ती सकाळपर्यंत दमटच असते. म्हणून निदान जून ते सप्टेंबर मासळीला प्लास्टिकच, तेही भिंतीला उभं टेकवून ठेवलेलं.

चऱ्यात नख अडकू लागलं की पाणी लावून पॉलिश पेपरने घासा, आधी 120 नंबरच्या, मग 240 नंबरच्या. तरीही अडकलं तर फळी बदला.